मॉलमधला बस्ता

नागपूरच्या टोकाला आमच्या बेसात कोणालाही पत्ता विचारा, तो मॉलपासून सुरू करतो. मॉलच्या मागे, मॉलच्या पुढे, मॉलवरून यू-टर्न घ्या न मग डावीकडे. गावात देऊळ आहे, जुनी विहीर आहे, पण त्यांच्यावरून आता कोणी पत्ता सांगत नाही. मी हट्टानं सांगते कधीकधी, तर ऑटोवाला विचारतो, "मॅडम, मॉल से कितना दूर?" घ्या! देव तिथं शंभर वर्षांपासून बसला आहे, पण त्याचाही पत्ता मॉलपासूनच.

आम्ही फ्लॅट पाहायला आलो तेव्हा मॉल नव्हताच. रस्त्याच्या तोंडाशी पत्र्याचं कुंपण होतं न त्यावर हसणाऱ्या बाईचं मोठं चित्र. बिल्डरचा माणूस त्या पत्र्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मॉल येऊन राहिला, मॅडम. मॉल आला की सगळं येते." खोटं नाही बोलला तो. सगळं आलं. रस्ता रुंद झाला, दिवे लागले, शाळा आल्या, दवाखाने आले, गॅलरीतून तुरीची वावरं दिसायची तिथं सात-सात माळ्यांच्या बिल्डिंगा आल्या. फक्त चालायची सोय आली नाही. फुटपाथ मॉलच्या कुंपणापाशी सुरू होतो न मॉलच्या कुंपणापाशीच संपतो. पुढं माणसानं काय करावं, हे कोणी ठरवलेलं दिसत नाही.

मी अजून नोकरीत आहे. सिव्हिल लाइन्समधलं ऑफिस सुटलं की तोंडाला ओढणी बांधून स्कुटीवर निघते. अजनीपर्यंत बरं असतं. तिथून पुढं मॉलचा सिग्नल येईस्तोवर जीव नको होतो. शहर सगळं सुपासारखं उचलून कोणीतरी तिरपं धरावं न सगळे दाणे एका कोपऱ्यात जमावे, तसे आम्ही सगळे त्या सिग्नलला जमतो. सिटी बस पूर्वी सरळ गावात जायची, आता मॉलच्या गेटापाशी थांबते न तिथूनच परत फिरते. शेअर ऑटो मॉलपर्यंतच. पुढं ई-रिक्षा, तीही भरली तरच हलणार. म्हणजे तुम्हाला मॉलमधून सुईसुद्धा घ्यायची नसो, दिवसातून दोनदा त्याच्या दारात उतरावं लागतंच. आणि मे महिन्यात तर विचारू नका. ज्यांच्या घरी कूलरला पाणी नाही ते, आणि ज्यांच्या घरी एसी आहे तेही, सगळे गारव्याला तिथंच. म्हातारे गमछा मांडीवर ठेवून कारंज्याभोवती बसून असतात. त्यांचा मला राग येत नाही. बाकी सगळ्यांचा येतो.

बेसाच्या आधी आम्ही प्रताप नगरात राहायचो. सासऱ्यांनी बांधलेलं घर, खाली मोठ्या जाऊबाई न वर आम्ही. मोठे दीर फार लवकर गेले. जाऊबाईंना मूल नव्हतं. माझी मुलगी झाली, रजा संपली न मी ऑफिसला गेले, तेव्हापासून पोरगी खालीच वाढली. तिला न्हाऊमाखू घालणं, शाळेतून आणणं, पाढे घोकून घेणं, सगळं त्यांनीच केलं. ती मला आई म्हणायची न त्यांना मोठी आई, आणि ताप आला की तिला मोठीच लागायची. मला वाईट वाटायचं का? वाटायचं बापा, खोटं कशाला बोलू. पण संध्याकाळी थकून आल्यावर आयती गरम पोळी ताटात पडली, की वाईट वाटायला वेळ कुठे असतो.

जाऊबाईंना कोणतीच गाडी चालवता येत नव्हती. कधी शिकावीशीही वाटली नाही. "पाय आहेत न मले," म्हणायच्या. खरंच होतं ते. प्रताप नगरात सगळं पायाखालचं. कोपऱ्यावर किराणा, पलीकडच्या गल्लीत फॉल-पिकोवाली, तिच्या शेजारी चक्की. आणि इतवारीच्या बाजाराला जायचं तर बस होती, नाहीतर दोघीतिघी मिळून ऑटो. इतवारीत त्यांना डोळे बांधून सोडलं असतं तरी त्या भांडेओळीतून कापडओळीत गेल्या असत्या. हातगाड्या, टेम्पो, डोक्यावर गठ्ठे घेतलेले हमाल, सगळ्यांना "सरक गा, सरक गा," करत त्या पुढं न आम्ही मागं.

इतवारी म्हणजे आमच्या घरी बस्ता. आताच्या मुलींना सांगावं लागतं म्हणून सांगते. लग्न ठरलं की मुलाकडचे न मुलीकडचे एकत्र दुकानात जातात, पांढऱ्या गादीवर बसतात न लग्नाचं सगळं कापड एका बैठकीत घेतात. नवरीचा शालू, मानपानाच्या साड्या, व्याह्यांचे धोतरजोडे, कामवाल्या बाईपर्यंत सगळ्यांचं. चपला बाहेर, चहा आत, न दुपार तिथंच जाते. पहिलं कापड नवरीची पिवळी साडी. ती सवाष्णीच्या हातानं घ्यायची, तिला हळदकुंकू लावायचं, मग बाकीचा ढीग उलगडायचा. आणि बस्ता एकदा उठला की उठला. एका लग्नासाठी दोनदा बसत नाहीत.

आमच्या घरातल्या सगळ्या लग्नांचे बस्ते जाऊबाईंनी केले. पिवळ्या साडीपुरत्या मागं सरायच्या, ते कापड कोणीतरी दुसरी घ्यायची, की मग या पुढं येऊन मांडी घालून बसायच्या. दुकानदार ओरडायचा, "बाई आल्या, पंखा इकडे करा रे!" मग काय थाट! ही नको, ती दाखव, खालच्या ढिगातली काढ, लपवून काहून ठेवली? मुलाकडच्या बायकासुद्धा त्यांच्या तोंडाकडे पाहायच्या. कोणाला काय शोभेल, कोण रुसेल, कोणाला गडद द्यावं, कोणाला फिकं, सगळं त्यांच्या हातात.

आणि लग्नाच्या दिवशी? लग्नाच्या दिवशी त्या कोठीत. कार्यालयातल्या मागच्या खोलीत सामान असतं, साखर, तेल, नारळ, सुपाऱ्या, त्याची किल्ली कमरेला लावून बसायच्या. कोणी त्यांना हाकललं नव्हतं कधी. आमचे सासूसासरे तसे नव्हते. पण त्याच म्हणायच्या, "तिकडे हळदीत माझं काय काम वं." आणि कोणी हात धरून ओढून नेत नव्हतं, मीही नाही. म्हणून बस्ता हेच त्यांचं लग्न होतं. त्या दिवशी त्या ठेवणीतली साडी नेसायच्या. पोरीचं लग्न ठरलं तेव्हा मला पहिल्यांदा हेच आठवलं, की तिचा शालू मोठी आई निवडणार. त्यांनाही दुसरं काही नको होतं. पोरगी दहावीत असल्यापासून म्हणत होत्या, "हिचा शालू मी घेईन, मंग देवानं नेलं तरी चालते."

मुलाकडचे उमरेडकडचे. शेती आहे, मुलगा नागपुरात नोकरीला. माणसं साधी, पण बस्त्याची गोष्ट निघाली तशा विहीणबाई म्हणाल्या, "तुमच्या घराजवळ एवढा मोठा मॉल आहे म्हन्ते. आमच्या पोरीबाळीईनं आतून पाह्यला बी नाही. तिथंच करू न."

आमच्या ह्यांनी लगेच मान डोलावली. इतवारीत गाडी लावायला जागा नाही, पोरगी म्हणाली उन्हात गर्दीत कोण फिरेल, आणि वर म्हणाली, "मोठी आईचे टोंगळे दुखतात आई, तिथं लिफ्ट आहे. तिच्यासाठीच बरं." घरचं झालं थोडं न व्याह्यानं धाडलं घोडं! मी म्हणणार होते, इतवारीच. पण दिवसभर ऑफिस, संध्याकाळी कार्यालयवाला, केटररवाला, पत्रिकावाला. ज्यात एक वाद कमी होईल ते मला चाललं. मी हो म्हटलं.

जाऊबाईंना फोनवर सांगितलं. आधी त्यांनी कितवा माळा ते विचारलं. मग म्हणाल्या, "तिथं बसू देतेत का वं?"

"खुर्च्या असतात ताई."

"खुर्चीवर बस्ता?" न हसल्या. "बरं. पोरीले आवडते न? मंग झालं."

रविवार ठरला. रविवारी साडेचारला राहुकाळ लागतो, तेव्हा पिवळी साडी त्याच्या आत घ्यायची, बाकी मग सावकाश, असं विहीणबाईंनी बजावलं होतं. ते उमरेडहून दुपारी आमच्याकडे आले, जेवले. त्यांची माणसं जीपमध्ये, आणि विहीणबाई आमच्या गाडीत पुढं ह्यांच्या शेजारी, मागं मी न पोरगी. मी ह्यांना म्हटलं होतं, आधी प्रताप नगरातून ताईंना आणा. ह्यांनी हिशेब मांडला: जायला एवढं, यायला एवढं, मॉलच्या सिग्नलला एवढं, म्हणजे राहुकाळाच्या आत जमत नाही. जाऊबाईच म्हणाल्या, "माझ्यापायी झामलझामल नोको. बस थेट मॉलच्या गेटापाशी थांबते. मी येईन."

आमच्या घरापासून मॉल दिसतो. गच्चीवर उभं राहिलं तर त्याची पाटी वाचता येते. एवढ्याशा अंतराला आम्ही वेळ हाताशी ठेवून निघालो न सिग्नलच्या अलीकडेच अडकलो. सगळं नागपूर त्या दिवशी तिथंच जाऊन राहिलं होतं जणू. मॉलच्या पार्किंगची रांग गेटातून बाहेर येऊन मॉलच्या कुंपणाला लागून मागं, पार आमच्यापर्यंत. डावीकडे रांग, उजवीकडे हॉर्न. बाहेर ऊन असं, की समोरच्या गाडीचा टप पाहवत नव्हता. काचा बंद, एसी पूर्ण, तरी ह्यांच्या मानेवरून घाम.

"चालत गेलो असतो त पोचलो असतो," विहीणबाई म्हणाल्या. हसून म्हणाल्या, पण खरं तेच होतं. आणि चालायचं कुठून? मध्ये नाली उघडी, त्यावर फरशी नाही. पंधरा माणसं, त्यात दोन म्हाताऱ्या, एक लेकुरवाळी.

चार वाजून गेले. गाडी हात-दीड हात पुढं जायची न थांबायची. तेवढ्यात जाऊबाईंचा फोन आला. पोरीनं गाण्यासाठी माझा फोन गाडीला जोडून ठेवला होता, तर त्यांचा आवाज एकदम गाडीभर झाला.

"मी पोचली वं. दुसऱ्या माळ्यावर हाओ. शिपाई भला माणूस, त्यानं लिफ्टनं आणून सोडलं. तुम्ही कुठी आहात?"

म्हणजे पाहा. गाडी असलेले आम्ही सगळे रस्त्यावर, आणि सत्तरीकडे झुकलेली, गुडघे धरून चालणारी बाई बसनं येऊन वेळेवर हजर. मला एवढं हायसं वाटलं की मी विचारच केला नाही. म्हटलं, "ताई, आम्ही बाहेर रांगेत आहोत. साडेचारच्या आत काही पोचत नाही. तुम्हीच घेऊन टाका न पिवळी साडी. कुंकू लावा न ठेवा."

ह्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. जाऊबाईंना थोडंच माहीत होतं, की सगळे ऐकून राहिले.

"मले काहून सांगून राहिली वं?" त्यांचा आवाज खाली आला, पण गाडीत तो खाली येत नव्हता. "मी अशी बिनकुंकवाची. पोरीचं पहिलं कापड, न ते माझ्या हातानं? त्या बाईले कळलं त जन्मभर मनात किंतू राहीन तिच्या. उद्या पोरीले काही झालं, त म्हणतीन, हिच्या हातानं घेतलं होतं. नाही वं बाई. मले नोको सांगू."

"ताई—"

"मोठी आई!" पोरगी ओरडली. "फोन गाडीला लावला आहे!"

आणि मग अगदी हळू, "ऐकलं का त्यायनं?" कोणी काही बोलायच्या आत पुन्हा, घाईघाईत, "बरं बरं, मी इथल्या एखाद्या सवाशीन पोरीच्या हातानं घेतो. होते ते. या तुम्ही." न फोन बंद.

मी विहीणबाईंकडे पाहिलंच नाही. काय पाहायचं? मला त्या मॉलचा, त्या गाडीचा, त्या फोनचा, सगळ्याचा असा संताप आला की रडूच यायचं राहिलं. इतवारीत हे झालंच नसतं. तिथं त्या एक पाऊल मागं सरल्या असत्या न कोणाला कळलंही नसतं. चाळीस वर्षं त्या एका पावलात त्यांनी सगळं झाकून ठेवलं होतं, ते आमच्या गाडीतल्या स्पीकरनं चव्हाट्यावर आणलं.

विहीणबाई पदर सारखा करत समोर पाहत होत्या. मग वळल्या. "अव, घेऊ द्या न त्यायलेच. एवढा काय धाक घेतला त्यायनं? माही सासू बी तशीच होती, तिच्याच हातानं माहा सगळा संसार मांडला. लावा परत फोन. मी सांगतो त्यायले."

काय बोलली ती बाई! मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. पोरीनं फोन गाडीपासून सोडवून माझ्या हातात दिला. मी लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. दुकानात गडबड असेल, ऐकू येत नसेल, म्हणून पुन्हा. गाडी कुंपणाला लागून हळूहळू पुढं सरकत होती, विहीणबाई मागं वळून विचारत होत्या, "उचलला का?" न मी मान हलवत होते. मग गेट आलं, उतार आला, खाली तळघरात गेलो न फोनची रेंजच गेली.

जागा मिळेस्तोवर साडेचार होऊन गेले. आम्ही पळत वर गेलो. साड्यांचं दालन केवढं! थंडगार, चकचकीत, साड्या हँगरला टांगलेल्या. जाऊबाई कुठं दिसेनात. काउंटरवरच्या मुलीनं आम्हाला ओळखलं, म्हणजे आमच्या घाबऱ्या तोंडांवरून ओळखलं. तिनं एक पिशवी पुढं केली. आत पिवळी साडी, घडीवर हळदकुंकवाचं बोट.

"आजींनी माझ्या हातानं घेतली," ती म्हणाली. लाजली होती ती, तिला ते आवडलं होतं. "माझ्या घरी सगळे आहेत का, सासू बरी आहे का, सगळं विचारलं त्यांनी आधी. वेळेत झालं म्हणाल्या. घरचे लोक येऊन राहिले, त्यांना देजो म्हणाल्या न गेल्या."

"कुठं गेल्या?"

"खाली."

पोरगी खाली धावली. सरकत्या जिन्यावरून उलटी-सुलटी माणसं चुकवत गेली, कारंज्यापाशी पाहिलं, गेटापर्यंत गेली. नव्हत्या. हे म्हणाले, गाडी काढतो, बसथांब्यावर पाहतो. काढा म्हटलं. पण गाडी खाली, बाहेर जायची रांग वेगळी न तीही तेवढीच. ते उतारावरच अडकून पडले. जाऊबाईंचा फोन आता बंदच येत होता. त्या तो बसमध्ये बंद करून ठेवतात, बॅटरी वाचायला.

मग बस्ता झाला. झाला म्हणायचं. मुलाकडच्या बायकांनी दालनाच्या दारात रीतीनं चपला काढल्या, तर शिपाई धावत आला, "पहन लीजिए माताजी, पहन लीजिए." दोन म्हाताऱ्या सवयीनं गालिच्यावर मांडी घालून बसल्या, त्यांना उठवून खुर्च्या दिल्या, तर खुर्च्या तीनच. बाकीचे उभे. हँगर इकडून तिकडे, कोणी या रांगेत, कोणी त्या, एकाला दुसरा सापडेना. एक ना धड भाराभर चिंध्या! कोणाला काय शोभेल ते कोणी कोणाला सांगत नव्हतं. विहीणबाई एक साडी हातात घेऊन कितीतरी वेळ उभ्या होत्या. शेवटी माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "तुमच्या जाऊबाई हव्या होत्या बाप्पा. आमाले काही समजून नाही राहिलं."

शालूची पाळी आली तेव्हा पोरगी म्हणाली, "तो राहू दे." काउंटरवरच्या मुलीनं पाच-सहा शालू काढून मांडले होते. पोरगी पाहीचना. "मोठी आई आल्याशिवाय नाही." विहीणबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आम्ही बाकीचं सगळं घेतलं, खाली खाऊच्या माळ्यावर मुलांना आइस्क्रीम दिलं, तळघरात त्यांची जीप कुठल्या खांबापाशी लावली ते शोधलं. घरी आलो तेव्हा पाय असे दुखत होते, की मी सोफ्यावर पडले न पिशव्या तशाच दारात.

सोमवारी मी अर्धी रजा टाकली न सकाळीच स्कुटीनं प्रताप नगरात गेले. गल्लीतलं बरंच काही बदललं आहे. फॉल-पिकोवालीच्या जागी शिकवणी वर्ग आहे, चक्की बंद, किराणावाला म्हणतो पोरं सगळं फोनवरून मागवतात न मोठं सामान मॉलमधून आणतात, त्याच्याकडे आता फक्त काडेपेटी न दही. जाऊबाई अंगणात कोथिंबिरीची जुडी सोडून सांबार निवडत बसल्या होत्या. मला पाहून उठायला लागल्या, मी म्हटलं बसा.

मी चिडलेच होते. बसल्या बसल्या सगळं ओकले. की ताई, काहून निघून गेल्या? की विहीणबाई काय म्हणाल्या माहीत आहे का? त्या म्हणाल्या, घेऊ द्या त्यांनाच. त्यांच्या सासूच्याच हातानं सगळं झालं त्यांच्या घरी. कोणाच्या मनात काही नव्हतं. कोणाच्याच!

त्यांचे हात थांबले. "असं म्हटलं त्यायनं?"

"हो."

"चांगली माणसं भेटली वं पोरीले," त्या म्हणाल्या. मग पुन्हा सांबाराच्या काड्या तोडायला लागल्या. जरा वेळानं डोळे पुसले, हातातल्या मातीनं गालावर डाग पडला.

मी म्हटलं, "शालू राहिला आहे. पोरीनं घेतलाच नाही. तुमच्यासाठी ठेवला आहे तिनं. आपण इतवारीत जाऊ, तुम्ही, मी न ती, तिघीच. कोणाची गाडी नको. बसनं जाऊ."

त्यांचा चेहरा एकदम फुलला. मी पाहिला तो. मग मावळला.

"नाही," त्या म्हणाल्या. "बस्ता उठला न काल? त्या लोकाईनं सगळं घेतलं न?"

"घेतलं, पण शालू—"

"उठला बस्ता. पुन्हा नाही बसत वं. पोरीचं लग्न आहे, मी रीत नाही मोडत तिच्यासाठी. तिले म्हणा, तिच्या मनानं घे. तिकडे मॉलमध्येच घ्या, एकाच दुकानातून झालं पायजे. चांगला घेईन ती."

मी खूप बोलले. रागावले, हात जोडले, पोरीला फोन लावून दिला. पोरीशी त्या हसून बोलल्या न तिलाही तेच सांगितलं. रीत, रीत, रीत! त्या रीतीनंच त्यांना आयुष्यभर कोठीत बसवलं, न आज त्याच रीतीसाठी त्या हातातलं सोडून देत होत्या.

शेवटी जे मनात सलत होतं ते विचारलं. "निदान फोन तरी उचलायचा होता न, ताई. विहीणबाई स्वतः बोलणार होत्या तुमच्याशी. किती वेळा लावला मी."

"हो न. वाजला न किती वेळ." त्यांनी निवडलेला सांबार परातीत सारला. "मी तुमच्या गाडीपाशीच होती वं. साडी घेतली न खाली आली, कुंपणाच्या कडेनं बसकडे निघाली, तं तुमची गाडी तिथंच रांगेत. तू मागच्या काचेपाशी बसली होती. मी हात केला, एकदा केला, दोनदा केला. काच काही वाजवली नाही, विहीणबाई होत्या न समोर. तू मान खाली घालून फोन लावून राहिली होती, न तो माझ्या पिशवीत वाजून राहिला होता. म्हटलं, समोर तं आहे ही, आता पाहीन वर. फोन काय उचलायचा." त्या परात घेऊन उठल्या, एक हात टोंगळ्यावर ठेवून. "मंग बस आली."